जीएफएस२ फ्रीझ करताना येणारा लॉक टाइमआउट: कोण कोणासाठी थांबलंय ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार नोडचा (म्हणजे चार मशीनचा) जीएफएस२ क्लस्टर, जीएफएस२ म्हणजे अनेक मशीनना एकच डिस्क एकाच वेळी वापरू देणारी लिनक्सची फाइल सिस्टम, सॅनवरचा (स्टोरेजच्या नेटवर्कवरचा) एकच लन (सामायिक डिस्क), रोज रात्री बॅकअपची स्क्रिप्ट एका नोडवरून फाइल सिस्टम फ्रीझ करते (तिच्यावर लिहिणं थांबवते), स्टोरेज ॲरेला स्नॅपशॉट घ्यायला सांगते आणि मग थॉ करते (लिहिणं परत चालू करते). आठवड्यातून दोन-तीनदा ही स्क्रिप्ट ६० सेकंदांनी लॉक टाइमआउट म्हणून मरते, त्यानंतर चारही नोडवरची ॲप्लिकेशन्स लटकतात, आणि एकदा तर एक नोड फेन्सच झाला, म्हणजे क्लस्टरने त्याला जबरदस्तीने बाहेर काढलं. तर हा टाइमआउट कुठून वाढवायचा? आणि पेसमेकरमधल्या (क्लस्टरमधल्या सेवा चालू-बंद करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) नो कोरम पॉलिसी फ्रीझ या सेटिंगचा याच्याशी संबंध आहे का?

सरळ सांगतो, जीएफएस२ मधे असा टाइमआउट नाहीच आहे, त्यामुळे तो वाढवायचं बटण शोधत बसू नका. फ्रीझ करायचा आयऑक्टल (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, द्यायचा आदेश) लिनक्समधे २.६.२९ पासून म्हणजे २००९ पासून सगळ्या फाइल सिस्टमसाठी एकच आहे, त्याला टाइमआउट नाही. एफएसफ्रीझ कमांडला टाइमआउटचा ऑप्शन नाही. आणि जीएफएस२ चे जे लॉक, ज्यांना ग्लॉक म्हणतात, ते मिळेपर्यंत प्रोसेस थांबून राहते, दोन सेकंद लागोत की दोन तास. म्हणजे ते ६० सेकंद तुमच्या बॅकअप एजंटचे आहेत. तो ६० सेकंदांनी कंटाळतो आणि निघून जातो, पण कर्नलमधे जे फ्रीझ सुरू झालंय ते काही परत फिरत नाही, कारण तिथली प्रोसेस डी स्टेटमधे (मधेच तोडता न येणारी वाट बघत) आहे, किल केलं तरी सिग्नल नुसता पेंडिंग पडून राहतो. मग समजा ७५ व्या सेकंदाला सगळे लॉक मिळाले, फ्रीझ व्यवस्थित पूर्ण झालं, आणि आता थॉ करणारं कोणीच उरलेलं नाही. तुमची ॲप्लिकेशन्स लटकतायत ती बहुतेक याच्यामुळे. टाइमआउट झाला म्हणजे फ्रीझ फेल झालं असं स्क्रिप्टने धरलं, आणि ते धरणंच चुकलंय.

आता वेळ नक्की कुठे जातो ते समजून घेऊ, कारण ते कळल्याशिवाय पुढचं सगळं अंधारात चाचपडणं आहे.

फ्रीझ करणं म्हणजे लग्नातली पंगत उठवण्यासारखं आहे. आधी नवीन माणसांना पानावर बसू द्यायचं बंद करायचं, मग जे बसलेत त्यांचं जेवण होईपर्यंत थांबायचं, मग पत्रावळी उचलायच्या, मग सारवायचं. कर्नलमधे पण तसंच, पहिल्या टप्प्यात नवीन राइट अडवले जातात आणि आत असलेले राइट संपायची वाट बघितली जाते, दुसऱ्या टप्प्यात एममॅप केलेल्या (फाइल मेमरीत जोडलेल्या) पानांवर लिहिणारे पेजफॉल्ट अडवले जातात, त्यानंतर साचलेला सगळा डर्टी डेटा (मेमरीत बदललेला पण अजून न उतरवलेला) डिस्कवर जातो, आणि शेवटी फाइल सिस्टम आपला जर्नल (बदलांची नोंदवही) बंद करते. क्रम नीट बघा, डेटा फ्लश होतो तो राइट अडवल्यानंतर. म्हणजे फ्लशला जितका वेळ लागेल तितका वेळ तुमचे युजर दाराबाहेर उभे आहेत, आणि स्नॅपशॉटला तर अजून हातही लागलेला नाही.

ही झाली एका मशीनची गोष्ट. जीएफएस२ मधे एक खास फ्रीझ ग्लॉक असतो, सगळे नोड माउंट झाल्यापासून तो शेअर्ड मोडमधे (अनेकांना एकत्र धरता येईल असा) धरून असतात. ज्या नोडवर तुम्ही फ्रीझ म्हणता तो नोड हा ग्लॉक एक्सक्लुझिव्ह (फक्त स्वतःसाठी) मागतो, डीएलएम (नोडांमधे लॉक वाटून देणारी यंत्रणा) बाकीच्यांना निरोप देतो की सोडा, आणि सोडायच्या आधी प्रत्येक नोडला स्वतःची अख्खी पंगत उठवावी लागते, राइट अडवा, डर्टी डेटा फ्लश करा, जर्नल बंद करा, मगच शेअर्ड लॉक सुटतो. त्यामुळे फ्रीझचा वेळ म्हणजे तुमच्या सगळ्यात सावकाश नोडचा वेळ. तुम्ही ज्या नोडवर स्क्रिप्ट चालवता त्याचेच लॉग बघत बसलात तर काही दिसणार नाही, चोर तिसऱ्या नोडवर बसलेला असतो.

याच्यातून एक नियम निघतो तो आत्ताच सांगून टाकतो, जीएफएस२ एका नोडवरून एकदाच फ्रीझ करायचं आणि थॉ त्याच नोडवरून करायचं. मी अशा स्क्रिप्ट बघितल्यात की एसएसएचचा लूप लावून चारही नोडवर एफएसफ्रीझ मारतात, दुसऱ्या नोडवर डिव्हाइस बिझी असा एरर येतो, किंवा दोन नोड अगदी एकाच वेळी पळाले तर एक जण दुसऱ्याच्या एक्सक्लुझिव्ह लॉकसाठी ताटकळत बसतो. तुमच्या स्क्रिप्टमधे कुणी रिट्राय म्हणून दुसऱ्या नोडवरून प्रयत्न करायची सोय केली असेल तर ती आजच काढा.

आता डर्टी डेटाचा हिशोब. कर्नलची डिफॉल्ट सेटिंग अशी आहे की उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर बॅकग्राउंडला लिहायला सुरुवात होते आणि २० टक्क्यांवर लिहिणाऱ्याला रोखलं जातं. २५६ जीबी रॅमच्या नोडवर २० टक्के म्हणजे ढोबळमानाने ५० जीबी. तुमचा ॲरे त्या नोडला सेकंदाला ४०० एमबी देत असेल तर नुसतं हे उतरवायला दोन मिनिटं लागली, तुमचे ६० सेकंद कधीच उडून गेले. आणि हे रोज होत नाही, ज्या रात्री कोणीतरी मोठा इंपोर्ट चालवलेला असतो त्याच रात्री होतं, म्हणून तुम्हाला ते आठवड्यातून दोन-तीनदाच दिसतं. माझा अंदाज विचाराल तर तुमच्या केसमधला मोठा वाटा हाच आहे.

उपाय दोन भागांत. पहिला, फ्रीझच्या आधी चारही नोडवर एकाच वेळी सिंक चालवा, आणि मायनस एफ देऊन फक्त त्याच फाइल सिस्टमचा सिंक, अख्ख्या मशीनचा नको. तो संपला की लगेच दुसऱ्यांदा चालवा. पहिला सिंक चालू असताना नवीन डेटा साचलेला असतो, दुसऱ्या खेपेला तो थोडाच असतो. या वेळी राइट चालू असतात, युजरला थोडं सावकाश वाटेल पण कोणी अडत नाही. दुसरा सिंक किती वेळात संपला हे स्क्रिप्टने मोजायचं, आणि तो समजा १० सेकंदांच्या वर गेला तर फ्रीझ करायचंच नाही, थोड्या वेळाने पुन्हा बघायचं. हा एक नियम लावला तरी तुमचे निम्मे त्रास कमी होतील, कारण खरा टाइमआउट इथे लावायचा असतो, जिथून परत फिरता येतं तिथे. दुसरा भाग, मोठ्या रॅमच्या नोडवर टक्केवारी सोडून द्या आणि डर्टी बाइट्स, डर्टी बॅकग्राउंड बाइट्स ही सेटिंग वापरा. मी बॅकग्राउंडला ५१२ एमबी आणि वरची मर्यादा २ जीबी अशी सुरुवात करतो आणि मग लोड बघून हलवतो. काही ॲप्लिकेशनला याने राइटचा वेग थोडा कमी वाटतो, पण क्लस्टर फाइल सिस्टमवर हे तसंही चांगलंच, कारण ग्लॉक एका नोडवरून दुसरीकडे जाताना पण त्या फाइलचा डर्टी डेटा आधी उतरवावाच लागतो.

वेळ जाण्याचं दुसरं ठिकाण म्हणजे रिकव्हरी. फ्रीझ पूर्ण म्हणायच्या आधी जीएफएस२ प्रत्येक जर्नल तपासतो की तो स्वच्छ बंद झालाय का. एखादा नोड थोड्या वेळापूर्वी मेला असेल आणि त्याचा जर्नल अजून रिप्ले झाला नसेल (त्यातल्या नोंदी परत लागू केल्या नसतील) तर फ्रीझ पुढे जात नाही, कर्नल लॉगमधे वेटिंग फॉर रिकव्हरी बिफोर फ्रीझ असा मेसेज येतो आणि दर सेकंदाला रिट्राय होत राहतो. हा मेसेज दिसला की फाइल सिस्टमकडे बघणं सोडा आणि फेन्सिंगकडे बघा. नोड मेला की डीएलएम त्याचे लॉक तोपर्यंत सोडवत नाही जोपर्यंत फेन्सिंग यशस्वी झालं असं कळत नाही, तोपर्यंत अख्खी लॉकस्पेस (त्या फाइल सिस्टमच्या सगळ्या लॉकचा गट) थांबलेली असते. डीएलएम टूलला एलएस विचारा, तिथे फेन्सिंगसाठी थांबल्याचं दिसेल. आयपीएमआयचा (मशीन दुरून बंद-चालू करायच्या सोयीचा) पासवर्ड बदललाय आणि फेन्सच्या कॉन्फिगमधे जुनाच आहे, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता पहिलं तेच तपासतो. बॅकअप स्क्रिप्टने फ्रीझच्या आधी सगळे नोड ऑनलाइन आहेत का आणि लॉकस्पेसमधे काही बदल चालू नाही ना एवढं बघितलंच पाहिजे, एका नोडचा जरी प्रश्न असेल तर त्या रात्रीचा स्नॅपशॉट सोडून द्यायचा.

तिसरं ठिकाण सगळ्यात किचकट, साखळी. पहिल्या टप्प्यात आत बसलेले राइट संपायची वाट बघितली जाते, बरोबर? पण आत बसलेला राइट स्वतः दुसऱ्या कशासाठी तरी थांबलेला असू शकतो. पंगतीतला एक माणूस हात राखून बसलाय कारण जिलबी यायचीय, आणि जिलबीचं पातेलं पलीकडच्या हॉलमधे अडकलंय, म्हणजे पंगत उठत नाही. पहिल्या नोडवरची प्रोसेस एका फाइलवर लिहायला आत शिरली, तिला त्या फाइलचा ग्लॉक एक्सक्लुझिव्ह हवाय, तो तिसऱ्या नोडकडे आहे, तिसऱ्या नोडला तो सोडायच्या आधी लॉग फ्लश करायचाय, आणि त्याचा लॉग फ्लश अडकलाय.

माझ्याकडे हे प्रत्यक्ष झालेलं आहे, एका क्लायंटकडे, तीन नोडचा क्लस्टर, रात्री पावणेतीनला फोन. तिसऱ्या नोडचं एक फायबर पोर्ट आठवडाभर येत-जात होतं आणि दुसऱ्या पाथचं (डिस्ककडे जायच्या वाटेचं) झोनिंग (सॅनवर कोणी कोणाला दिसावं ते सेटिंग) कधीतरी बदललेलं, म्हणजे नावाला दोन पाथ पण कामाचा एकच. मल्टिपाथमधे (अनेक पाथ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधे) नो पाथ रिट्राय क्यू वर ठेवलेलं, त्यामुळे पाथ गेला की आयओला एरर मिळायचा नाही, तो रांगेत बसून राहायचा. दिवसा दहा-पंधरा सेकंदांचा अडथळा कोणाला जाणवत नव्हता. रात्री फ्रीझच्या वेळी नेमका पाथ गेला, लॉग फ्लश रांगेत अडकला, तिसऱ्या नोडने ग्लॉक सोडला नाही, पहिल्या नोडवरचा राइट संपला नाही, फ्रीझ अर्धवट, आणि अर्धवट फ्रीझमुळे तिन्ही नोडवर नवीन राइट बंद. लॉगमधे सगळीकडे लॉक, लॉक, लॉक दिसत होतं आणि आम्ही दोन तास डीएलएमच्या मागे होतो. कारण होती एक केबल. तेव्हापासून मी कुठेही ग्लॉकचा प्रश्न आला की आधी सगळ्या नोडवर मल्टिपाथचे सगळे पाथ ॲक्टिव्ह आहेत का बघतो, मग लॉककडे वळतो. आणि क्लस्टरमधे क्यू कायमचं ठेवू नका, ठराविक रिट्राय नंतर फेल होऊ द्या, नोड विथड्रॉ होईल (स्वतःच त्या फाइल सिस्टममधून बाहेर पडेल) किंवा फेन्स होईल, बाकीचे तरी चालू राहतील.

आता अडकलेलं असताना बघायचं कसं. डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइल सिस्टम) माउंट करा, त्यात जीएफएस२ खाली तुमच्या क्लस्टर आणि फाइल सिस्टमच्या नावाचं फोल्डर असतं, आत ग्लॉक्स नावाची फाइल. ही फाइल चारही नोडवरून साधारण एकाच वेळी कॉपी करायची, आणि अर्थातच फ्रीझ होत असलेल्या फाइल सिस्टमवर नाही, लोकल डिस्कवर. यात जी अक्षराने सुरू होणारी ओळ ग्लॉकची आणि त्याखाली थोडी आत सरकवून एच ने सुरू होणाऱ्या ओळी त्याच्या होल्डरच्या. होल्डरच्या फ्लॅगमधे कॅपिटल एच असेल तर त्याच्याकडे लॉक आहे, कॅपिटल डब्ल्यू असेल तर तो थांबलाय. ग्लॉकच्या ओळीत एन च्या पुढे दोन आकडे असतात, पहिला प्रकार आणि दुसरा नंबर. प्रकार २ म्हणजे आयनोड (एका फाइलची फाइल सिस्टममधली नोंद), ३ म्हणजे रिसोर्स ग्रुप, ६ म्हणजे फ्लॉक, ९ म्हणजे जर्नल. फ्रीझ ग्लॉक हा प्रकार १, नंबर २. आधी तोच शोधा. ज्या नोडवर तो अजून शेअर्ड आहे आणि डिमांड मात्र अनलॉकची आली आहे, तो नोड अडवतोय. तिथे जा.

त्या नोडवर सिसआरक्यू ट्रिगरला (कर्नलला थेट आदेश द्यायच्या फाइलला) डब्ल्यू द्या, म्हणजे डी स्टेटमधल्या सगळ्या प्रोसेसचे स्टॅक कर्नल लॉगमधे पडतील. ज्यांच्या स्टॅकमधे सुपरब्लॉकचं स्टार्ट राइट दिसतंय ते बिचारे नुसते दाराबाहेर उभे आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा, तेच संख्येने जास्त असतात आणि लोक त्यातच हरवतात. ज्यांच्या स्टॅकमधे जीएफएस२ ग्लॉक वेट आहे ते लॉकसाठी थांबलेत, त्यांचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) ग्लॉक डंपमधे शोधा, कोणता ग्लॉक ते कळेल, आणि तोच नंबर बाकी तीन नोडच्या डंपमधे शोधला की मालक सापडतो. आणि ज्याच्या स्टॅकमधे लॉग फ्लश किंवा थेट ब्लॉक लेयरचं आयओ वेट आहे तो साखळीचा शेवट, तिथे तुमचं पाणी मुरतंय. जीएफएस२ च्या युटिलिटीमधे ग्लॉकटॉप नावाचं टूल येतं, ते वाचायला सोपं करून दाखवतं, पण कच्चा डंप वाचायची सवय ठेवा. एक गोष्ट करू नका, आयनोड नंबरवरून फाइलचं नाव शोधायला अडकलेल्या अवस्थेत फाइंड चालवू नका, तो अख्ख्या झाडावरच्या प्रत्येक फाइलचा ग्लॉक मागत सुटतो आणि आगीत तेल पडतं. नंबर लिहून ठेवा, हेक्समधे असतो, सगळं सुरळीत झालं की डेसिमल करून शांतपणे शोधा.

यापेक्षा साधं पण जास्त वेळा होणारं एक कारण आहे, बॅकअप एजंट स्वतःच स्वतःला अडवतो. त्याची लॉग फाइल किंवा स्टेटस फाइल किंवा पीआयडी फाइल त्याच जीएफएस२ वर असते, कारण कोणीतरी विचार केला की शेअर्ड आहे, चारही नोडवरून लॉग दिसतील. फ्रीझ होतं, एजंट लिहायला जातो की फ्रीझ यशस्वी, आणि तिथेच डी स्टेटमधे अडकतो, थॉ करायला जिवंतच राहत नाही. तुमच्या स्क्रिप्टमधे कुठेही शेअर्ड पाथवर लिहिणं आहे का, टी कमांडने आउटपुट कुठे वळवलंय का, होम डिरेक्टरी तिथे आहे का, हे एकदा ओळ न ओळ तपासा. होम डिरेक्टरी तिथे असेल तर शेलची हिस्टरी लिहितानासुद्धा तुमचं लॉगिन सेशन अडकेल.

म्हणून थॉ हे फ्रीझच्या आधी ठरवायचं. मी असं करतो, फ्रीझची कमांड द्यायच्या आधी सिस्टमडी-रन वापरून ऑन ॲक्टिव्हचा एक टायमर लावतो, समजा ४५ सेकंदांनी थॉ करणारा, स्क्रिप्टपासून पूर्ण स्वतंत्र. स्क्रिप्ट मेली, एजंट मेला, नेटवर्क गेलं, तरी हा चालणार. सगळं नीट झालं तर स्क्रिप्टच तो टायमर रद्द करते. पण इथे एक खाच आहे, फ्रीझ अर्धवट असताना थॉ दिलं तर ते चालत नाही, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट म्हणून परत येतं, किंवा ते स्वतःच थांबून बसतं. फ्रीझ पूर्ण झाल्याशिवाय थॉ होतच नाही. म्हणजे एकदा थॉ मारून गप्प बसणारा टायमर कामाचा नाही, दर दोन सेकंदांनी प्रयत्न करत राहणारा पाहिजे, आणि फ्रीझची प्रोसेस अजून जिवंत आहे का हेही बघणारा पाहिजे, ती जिवंत असेल आणि थॉ ला इनव्हॅलिड मिळत असेल तर फ्रीझ अजून चालू आहे, ती संपली असेल आणि तरी इनव्हॅलिड मिळत असेल तर फाइल सिस्टम थॉ झालेलीच आहे. सिसएफएसमधे फाइल सिस्टमच्या नावाखाली फ्रीझ नावाची फाइल असते, ती वाचून ० की १ हे पण कळतं, पण अर्धवट अवस्थेत तिच्यावर विसंबू नका.

आणि थॉ झाल्यावर स्नॅपशॉट वैध धरायचा की नाही हा निर्णय वेगळा ठेवा. टायमरने थॉ केलं असेल तर स्नॅपशॉट फ्रीझच्या आत पूर्ण झाला की बाहेर हे नक्की माहीत नाही, तो टाकून द्या. स्क्रिप्टने थॉ केल्यावर टायमर अजून शिल्लक होता का हे बघायचं, होता तरच स्नॅपशॉट चांगला. तसंच फ्रीझ करणारा नोडच मध्येच फेन्स झाला तर डीएलएम त्याचा एक्सक्लुझिव्ह लॉक सोडवतो आणि बाकीचे नोड आपोआप थॉ होतात. क्लस्टरसाठी ते चांगलंच, पण स्नॅपशॉटसाठी नाही.

सगळंच हाताबाहेर गेलं तर सिसआरक्यूचं इंग्रजी ‘जे’ (j) हे अक्षर आहे, इमर्जन्सी थॉ, ते फ्रीझ झालेल्या फाइल सिस्टम जबरदस्तीने थॉ करतं, पण ते त्या एका मशीनपुरतं काम करतं, क्लस्टरचा फ्रीझ ग्लॉक डोक्यात ठेवून नाही. माझ्या मते जीएफएस२ वर तो मार्ग घेण्यापेक्षा फ्रीझ करणारा नोड शांतपणे फेन्स करणं जास्त सुरक्षित आहे, कारण रिकव्हरीचा तो रस्ता रोज वापरातला आहे.

तुमचा नोड फेन्स का झाला याबद्दल. फ्रीझ स्वतः नोड फेन्स करत नाही, कोरोसिंकचा (नोड जिवंत आहेत का ते बघणाऱ्या सेवेचा) टोकन या फाइल सिस्टमवर अवलंबून नाही. मग दोन संशयित राहतात. पहिला पेसमेकरचा फाइलसिस्टम रिसोर्स. त्याच्या मॉनिटरला चेक लेव्हल २० लावली असेल तर तो दर वेळी एक स्टेटस फाइल लिहून बघतो, फ्रीझमधे ते लिहिणं अडकतं, मॉनिटरचा टाइमआउट होतो, आणि जीएफएस२ साठी आपण सगळेच ऑन फेल फेन्स लावतो, म्हणजे नोड गेला. डिफॉल्ट लेव्हलला तो फक्त माउंट आहे का एवढंच बघतो, त्याला फ्रीझचा त्रास नाही. लेव्हल २० हवीच असेल तर त्या मॉनिटरचा टाइमआउट तुमच्या टायमरच्या थॉ वेळेपेक्षा भरपूर जास्त ठेवा. हा एकच टाइमआउट आहे जो वाढवा असं मी सांगेन. दुसरा संशयित हंग टास्क. डी स्टेटमधे १२० सेकंदांच्या वर कोणी राहिलं की कर्नल वॉर्निंग देतो, आणि कोणी हंग टास्क पॅनिक १ करून ठेवलं असेल तर तो थेट पॅनिक करतो. ते सेटिंग तपासा. शिवाय या वॉर्निंगची मोजणी डिफॉल्ट १० वर संपते, त्यानंतर लॉग गप्प होतो आणि सकाळी बघणाऱ्याला वाटतं की प्रश्न आपोआप मिटला. मिटलेला नसतो.

फ्रीझ चालू असताना एखादा नोड रीबूट होऊन परत आला तर त्याचं माउंट पण थांबेल, कारण माउंटला फ्रीझ ग्लॉक शेअर्ड लागतो. पेसमेकरचा स्टार्ट टाइमआउट तिथे उडतो. बॅकअपच्या वेळेत पॅचिंग ठेवू नका, एवढंच.

एनएफएसने (नेटवर्कवरून फाइल देणाऱ्या सोयीने) हेच एक्सपोर्ट करत असाल तर अजून एक, राइट करणारे एनएफएसडी थ्रेड एकेक करून अडकतात आणि डिफॉल्टला बराच काळ ८ च थ्रेड असायचे, आठही अडकले की नुसतं वाचणारेसुद्धा थांबतात. थ्रेड वाढवा.

नावाचा एक गोंधळ पण काढून टाकतो कारण तुम्ही प्रश्नात त्याचा उल्लेख केलाय. पेसमेकरमधे नो कोरम पॉलिसी फ्रीझ असं जे सेटिंग आहे त्याचा आणि या फ्रीझचा काही संबंध नाही. कोरम (नोडांचं बहुमत) गेल्यावर पेसमेकरने रिसोर्स बंद करायला जाऊ नये म्हणून ते जीएफएस२ साठी लावतात, कारण कोरम नसताना जीएफएस२ अनमाउंटपण करता येत नाही. ते तसंच राहू द्या.

राहिला मोठा प्रश्न, फ्रीझ हवंच आहे का? तुमचा लन एकच आहे आणि ॲरेचा स्नॅपशॉट एका क्षणाचा असेल, तर फ्रीझ न करता घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे चारही नोडची वीज एकदम गेल्यासारखी अवस्था. जीएफएस२ मधे प्रत्येक नोडचा स्वतःचा जर्नल असतो, माउंट करताना ते सगळे रिप्ले होतात, ही परिस्थिती हाताळायलाच ते आहेत. फाइल सिस्टमची रचना सुरक्षित राहते. फ्रीझने वरून काय मिळतं, तर जर्नल स्वच्छ बंद असतात आणि कॅशमधला डेटा उतरलेला असतो. पण ॲप्लिकेशनच्या दृष्टीने अर्धवट लिहिलेली फाइल फ्रीझमधे पण अर्धवटच राहते, त्यासाठी ॲप्लिकेशनला आधी थांबवावं लागतं. जर तुमचं ॲप्लिकेशन स्वतःचा लॉग ठेवून सावरणारं असेल तर चारही नोडवर सिंक आणि लगेच स्नॅपशॉट, फ्रीझ नाही, हा मार्ग मी गंभीरपणे तपासून बघेन. स्नॅपशॉट दोन-तीन लनवर पसरलेला असेल आणि ॲरे कन्सिस्टन्सी ग्रुप (सगळ्या लनचा एकाच क्षणी स्नॅपशॉट घ्यायची सोय) देत नसेल तर मात्र फ्रीझशिवाय पर्याय नाही. एलव्हीएमचा (लिनक्सच्या व्हॉल्यूम मॅनेजरचा) स्नॅपशॉट इथे कामाचा नाही, शेअर्ड ॲक्टिव्हेट केलेल्या व्हॉल्यूमचा तो घेता येत नाही, म्हणूनच आपण सगळे ॲरेकडे जातो.

हे सगळं बदलायला घ्याल तेव्हा कर्नल कोणता आहे तेही बघा, जीएफएस२ च्या फ्रीझ आणि थॉच्या कोडवर २०२३ मधे मोठं काम झालंय, जुन्या कर्नलवर काही अडकण्याच्या जागा जास्त आहेत. आणि रेड हॅटवर असाल तर आरएचईएल १० मधे रेझिलियंट स्टोरेज ॲड-ऑन नाहीये, म्हणजे २.६.१९ पासून कर्नलमधे असलेली ही फाइल सिस्टम तिथे पुढे सपोर्टमधे मिळणार नाही, पुढच्या दोन-तीन वर्षांचं नियोजन त्या हिशोबाने करा. मला स्वतःला याचं वाईट वाटतं, मिनेसोटा विद्यापीठात सुरू झालेलं, मग सिस्टिना कंपनीकडे, मग २००३ ला रेड हॅटकडे आलेलं हे काम मी अर्धं करिअर वापरलंय.

शेवटचं, स्नॅपशॉट तपासायला माउंट करताना. तो लन क्लस्टरच्या बाहेरच्या एखाद्या मशीनला दाखवा आणि लॉक प्रोटोकॉल नोलॉक देऊन फक्त त्या एकाच मशीनवर माउंट करा. त्याच क्लस्टरमधे माउंट करायचा असेल तर ट्यूनजीएफएस२ ने आधी लॉक टेबलचं नाव आणि यूयूआयडी दोन्ही बदला, कारण स्नॅपशॉटमधे लॉक टेबलचं नाव मूळ फाइल सिस्टमचंच असतं. आज रात्री स्क्रिप्ट पुन्हा अडकली तर काही रीबूट करायच्या आधी चारही नोडचा ग्लॉक डंप, सिसआरक्यू डब्ल्यूचा आउटपुट आणि मल्टिपाथची लिस्ट एवढं लोकल डिस्कवर काढून ठेवा, ते असेल तर अर्ध्या तासात सांगता येईल कोण कोणासाठी थांबलं होतं.